गुडघ्यातला ‘टक्’

साताऱ्यात मित्राच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी टर्फवर फुटबॉल खेळायचं ठरलं. आठवडाभर खुर्चीला चिकटलेले आम्ही, पण जोश काय विचारू नका! चेंडू घेऊन मी गर्रकन वळलो. पाय जागीच रुतला आणि गुडघ्यात ‘टक्’ वाजलं. कुणाचा धक्का नाही की काही नाही. दोन तासांत गुडघा सुजून नारळाएवढा.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे. ‘हाड शाबूत आहे, चार दिवसांत पळाल.’ पंधरवड्यात चालू लागलोही. मग सांगलीला घरी जिना उतरताना गुडघा अचानक निसटला. असं तीनदा झाल्यावर आईने मिरजेला पिटाळलं. (दुखणं कसलंही असो, सांगलीकराची वाट मिरजेलाच जाते.)

डॉक्टरांनी गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढली. ती चक्क ड्रॉवरसारखी सरकली! एमआरआयमध्ये निदान पक्कं झालं. एसीएल तुटलेला. म्हणजे गुडघ्याच्या मधोमध तिरका जाणारा, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा पट्टा. नडगीचं हाड पुढे सरकू द्यायचं नाही आणि गुडघ्याला नको तितका पीळ पडू द्यायचा नाही, हे त्याचं काम. एक्स-रेत तो दिसत नाही. पूर्ण तुटला तर सहसा आपला आपण नीट जुळतही नाही. ऑपरेशन प्रत्येकाला लागतंच असं नाही. आधी तीन महिने मांडीचे स्नायू कमवा, म्हणाले. केलंच, तर मैदानावर परतायला किमान ९ महिने.

मला मात्र कराडकडचे मामा आठवले. गाव खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरजवळ. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य जिंकणाऱ्या खाशाबांचं पुढचं ऑलिंपिक गुडघ्याच्या दुखापतीने हुकलं, हे मामांकडूनच ऐकलेलं. त्यांचाही गुडघा तालमीत ‘उखडला’ होता. सूज उतरली, पण डाव टाकताना पाय ऐनवेळी दगा द्यायचा. ‘गडी मनातनं भ्यायला,’ असं गाव म्हणालं. मामांनी लंगोट खुंटीला टांगला तो कायमचाच. आम्ही भाचरंही त्यावर हसलोय.

रात्री फोन लावला. ‘मामा, तेव्हा तुमच्या गुडघ्यात आवाज झाला होता का?’

पलीकडून बराच वेळ नुसता टीव्ही ऐकू येत राहिला.

‘व्हय. वाळकी काटकी मोडावी तसा. तुला कुणी सांगितलं?’