मुदतीचा कागद

सांगलीच्या हळदबाजारात तीन पिढ्यांची अडत सांभाळणाऱ्या अण्णांना कुठल्याही कागदाची तारीख आधी पाहण्याची सवय होती. पत्नी आणि मुलासह ते जपानला गेले, तेव्हा कोबे शहरात पाच दिवसांसाठी भाड्याची मोटार घ्यायचे ठरले. तेथेही वाहने आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात, हा मोठाच दिलासा होता.

गाडीच्या दुकानात मुलाने तीन कागद पुढे ठेवले : पासपोर्ट, मूळ परवाना आणि आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवानाच जपान मानतो. भारत त्या करारात असल्याने आपला कागद तेथे चालतो. मात्र मूळ परवाना सोबत लागतोच. अण्णा हसून म्हणाले, "ही तर हुंडीच की! पेढी इकडं, वटते परमुलखात."

पाच दिवस सुखाचे गेले. फाटक उघडे असले, तरी रुळांपूर्वी प्रत्येक गाडी क्षणभर थांबते, याचे अण्णांना फार कौतुक वाटले. तेथे कायदाच तसा आहे.

आवाजी बेट पाहायचे राहिले होते. आईचे गुडघे दुखत होते. मुलगा म्हणाला, "अण्णा, फोन करून गाडी दोन दिवस वाढवून घेऊ."

अण्णांनी परवाना मागून घेतला. तो आदल्या वर्षी, रद्द झालेल्या एका प्रवासासाठी काढलेला होता. देण्याच्या तारखेपासून एक वर्षाची त्याची मुदत त्याच रात्री संपत होती.

"फोनवर तारीख कोण विचारतंय? आणि पोलीस तर इतक्या दिवसांत एकदाही दिसले नाहीत," मुलगा म्हणाला.

"पोलिसांचं सोड. उद्या एखादं शाळकरी पोर आडवं आलं, तर? मुदत संपली म्हणजे तू बिनपरवान्याचा. विमा हात वर करील. आपलं घरदार विकून भरपाई देऊ. पण पोर परत देता येईल का?"

मुलगा गप्प झाला. आईच म्हणाली, "माझ्या गुडघ्यांपायी असलं काही नको रे बाबा."

त्याच संध्याकाळी टाकी भरून गाडी परत केली. दुसऱ्या दिवशी तिघे बसने निघाले. थांब्यावरचे जिने चढताना आईला दोनदा बसावे लागले. तिचा हात धरून उभ्या असलेल्या अण्णांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा लपत नव्हता. पुढे १९९८ साली खुला झालेला ३,९११ मीटर लांबीचा आकाशी काइक्यो पूल आला. खाली समुद्र पाहताना आई दुखणे विसरली, आणि गाडी चालवण्याच्या काळजीतून सुटलेल्या मुलानेही तो पूल प्रथमच डोळे भरून पाहिला.

सांगलीला परतल्यावर मुलाने पेढीच्या रोजमेळात विमा आणि परवान्यांच्या तारखांसाठी एक स्वतंत्र पान घातले. अण्णांनी ते पाहिले. बोलले मात्र काही नाहीत.