किती जणी?

धारणी तालुक्यातल्या एका शाळेत पहिलीसाठी एक चित्रगोष्ट मराठी आणि कोरकू अशी शेजारी-शेजारी छापायची होती. मूळ गोष्ट हिंदीत. ‘हम नदी पर गए थे’चं मी मराठी केलं होतं, ‘आम्ही नदीवर गेलो होतो’. यात चुकण्यासारखं काय असणार?

कोरकू सांगायला बाईंनी मुलांच्या घरच्यांनाच बोलावलं होतं. एका मुलीची आजी दारातच बसली. वाक्य ऐकून तिनं विचारलं, “किती जणी? आन् जिला सांगते, ते संग होती का?”

कोरकूत ‘आम्ही’साठी चार शब्द. मी आणि तू, दोघंच : आलंग. तुला सोडून आम्ही सगळे : आले. तुला धरून सगळे : आबुंग. संताळी-मुंडारीच्या कुळातली भाषा, एम.ए.ला हे कोष्टक पाठ करून मी मार्कही मिळवले होते. गोष्ट तर एक मैत्रीण दुसरीलाच सांगत होती. म्हणजे माझं मराठीही चुकलेलं, तिथं ‘आपण’ हवं होतं. हिंदीचा ‘हम’ हा भेद करत नाही, मराठी करते, आणि मी केला नव्हता.

आजीची नात सहा महिने वर्गात बोललीच नव्हती म्हणे. ‘आलंग’ ऐकताच ती पुढं सरकली, चित्रातल्या दोघींवर बोट ठेवून पुढचं वाक्य स्वतःच म्हणाली. बाई ते फळ्यावर देवनागरीत लिहू लागल्या, आणि ती त्यांना दुरुस्त करू लागली. बाई यवतमाळकडच्या. आपल्याला कोरकू येत नाही हे मुलांसमोर कबूल करायला त्यांना काही वाटत नव्हतं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं संविधानाचं ३५० क हे कलम १९५६ पासून सांगतंय. त्या खोलीत ते बाईंच्या खडूवर येऊन टेकलं होतं.

माझे वडील याच तालुक्यात गुरुजी होते. वर्गात कोरकू शब्द निघाला की पोराला उभं करत. “मराठी आली नाही तर एसटीच्या कंडक्टरशी काय बोलतील?” म्हणायचे. ते खोटंही नव्हतं.

त्यांना हे सांगावं की नाही, दोन दिवस ठरेना. सांगितलं तेव्हा बराच वेळ गप्प राहिले.

“मग कोणता घेतलास?”

“आलंग.”

“एवढं लांबवायचं नाही,” बाबा म्हणाले, आणि आजीनं म्हटला होता अगदी तसाच तो शब्द त्यांनी म्हणून दाखवला.