घर निवडताना दिशांचा हिशेब

चिंचवडहून चाकणकडे जाताना वस्तीच्या तीन तऱ्हा दिसतात, आणि प्रत्येकीत माणसाचे येणे-जाणे निराळे असते.

पहिली तऱ्हा जुन्या चिंचवडगावाची. पवनेकाठी मोरया गोसावींच्या समाधी मंदिराभोवती वसलेले हे गाव मोटारींच्या काळाआधीचे. गल्ल्या अरुंद, खाली दुकान आणि वर राहते घर. किराणा, भाजी, देवदर्शन ही कामे येथे पायीच उरकतात. दुसरी तऱ्हा निगडी प्राधिकरणाची. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि आखीव सेक्टर, रुंद रस्ते, बागा असलेली वसाहत उभी राहिली. येथे लोक चालतात ते बहुधा फिरायला. कामासाठी स्कूटर काढतात. तिसरी तऱ्हा मोशीपासून पुढची. नाशिक रस्त्यालगत उंच इमारती आणि पलीकडे चाकणचे कारखाने. एके काळी संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार ही चाकणची ओळख होती. आज ती मालमोटारींची रांग आहे. येथे दूध आणायलाही कित्येकदा वाहन लागते.

वस्ती माणसाला चालायला लावते, की चालण्याची आवड असणारा तशी वस्ती शोधतो? नगररचनेच्या अभ्यासकांत हा वाद जुना आहे. आपल्या घरांत दोन्ही गोष्टी दिसतात. नित्य दर्शनाचा नेम असलेले कुटुंब मंदिर किंवा स्थानक जवळ पाहूनच घर घेते. तेथे आवड आधी, वस्ती नंतर. परंतु त्या घरातील मुलांनी वस्ती निवडलेली नसते. आजोबांचे बोट धरून मंदिरात चालत जाणारे मूल आणि आठवड्यातून एकदा मोटारीतून जाणारे मूल यांच्या सवयी वेगळ्या घडतात. वडीलधाऱ्यांची आवड मुलांपर्यंत पोहोचते ती बऱ्याचदा वस्तीच्या वाटेनेच.

व्यापारी कुटुंबाचा खरा पेच दुकानाच्या पत्त्यापाशी आहे. रविवार पेठेत पेढी असणाऱ्याला पिंपरीत राहणे आता सोयीचे झाले आहे. मार्च २०२२ मध्ये पिंपरीतून सुरू झालेली मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईमार्गे स्वारगेटपर्यंत पोहोचली. चाकणला मात्र ना मेट्रो जाते, ना लोणावळ्याची लोकल. हिवाळ्याच्या आरंभी येथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणारा व्यापारी त्या वेळी तळेगाव चौकातील कोंडीत असेल, तर घरचे पान त्याच्यासाठी थांबू शकत नाही. दुकानातच डबा उघडून व्रत सांभाळता येते. पण सायंकाळची एकत्र पंगत मोडते, ती रोजचीच.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दिशांच्या मर्यादा ठरवून त्यापलीकडे न जाण्याचा तो संकल्प. देशावकाशिक व्रतात ती मर्यादा काही काळापुरती आणखी आखडते. घराची निवड म्हणजे व्रत नव्हे. तथापि आपली रोजची धाव कोठवर असेल, याची मर्यादा ती नकळत घालून देते. म्हणून सदनिकेचा दर आणि चौरस फूट पाहताना आणखी तीन अंतरे मोजावीत : दुकानापर्यंतचे, धर्मस्थानापर्यंतचे आणि मुलांच्या शाळेपर्यंतचे. ही अंतरे रविवारी सकाळी मोजू नयेत. कामाच्या दिवशी, सूर्यास्ताच्या तासाभर आधी मोजावीत. स्वस्त घराची खरी किंमत त्याच वेळी कळते.