गहू नाही, दूध नाही. मग डब्यात काय?

आपल्या घरांतून एखादे मूल हडकुळे राहिले, पोट फुगलेले आणि हातपाय काड्यांसारखे दिसू लागले, की "जंत झाले असतील" असे म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. आमच्या थोरलीलाही जंतांच्या गोळ्या झाल्या, लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिकच्या बाटल्या झाल्या. वय नऊ, पण वर्गात सर्वांत बुटकी. अखेर मुंबईच्या एका रुग्णालयात रक्त तपासले, दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला, तेव्हा कळले की तिला सीलिअ‍ॅक हा आजार आहे. गव्हात आणि जवात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. या मुलांच्या आतड्याच्या आतली बारीक लव त्यामुळे झडून जाते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. याला गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू जन्मभर बंद, हाच उपचार. एक गोष्ट वाचक भगिनींनी ध्यानात ठेवावी: संशय आला म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नये. मग रक्तात दोष सापडत नाही आणि निदान लांबते.

धाकट्याची गोष्ट वेगळी. त्याला तान्हेपणापासून गाईम्हशीचे दूध सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, ओकाऱ्या होतात. सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी लागते म्हणून त्याचेही रक्त दिले. गव्हाचा दोष त्याला निघाला नाही. पण आतड्याची लव गेली की दुधातली साखरही पचत नाही, म्हणून थोरलीचेही दूध काही काळ बंद झाले. चूल एकच, तवा एकच. तेव्हा आम्ही उभयतांनी ठरवले, घरात गहूही नको नि दूधही नको.

आम्ही रेवदंड्याच्या अलीकडे राहतो. आमच्यापैकी एक गवंडीकाम करतो, दुसरी अंगणवाडीत मदतनीस आहे. भाताच्या मुलखात राहतो हे नशीबच म्हणायचे. तांदळाची भाकरी, घावन, पेज यांवर आमच्या आजी-पणजी वाढल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुले उलट सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खंगली. विलेम डिके या तिथल्या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. तो पुढे सिद्ध झाला. आमच्याकडे मात्र पाव आता गावागावात सायकलवरून येतो.

भाकरीचा प्रश्न तांदळाने सोडवला, तरी पीठ दळायला गिरणीत जावेच लागते. तिथे आधी कोणाचे गहू दळले असतील तर ते पीठ जात्यात चिकटलेले असते. आम्ही गिरणीवाल्या काकांना सगळे समजावून सांगितले. आता ते ज्या दगडावर फक्त तांदूळ दळतात, त्यावरच आमचा डबा लावतात आणि पहिले मूठभर पीठ बाजूला काढून टाकतात.

खरी अडचण मांसाची झाली, आणि ती आम्हाला अनपेक्षित होती. मटण-कोंबडीत गहू कुठून येणार? थोरलीच्या वर्गातली काही मुले पावात सलामीच्या चकत्या, सॉसेज असे घालून आणतात. तिलाही तसेच हवे होते. पाव नाही तर नाही, पण सॉसेज तरी द्यावे म्हणून आम्ही अलिबागला कोल्ड स्टोरेजच्या दुकानात गेलो. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचायला थोरलीच पुढे झाली. तिने तिथल्या तिथे वाचून दाखवले: व्हीट, मिल्क सॉलिड्स, सोया. कोंबडीच्या पाकिटात गहू आणि दूध!

त्याचे कारण सोपे आहे. मांस दळून त्यात पाणी घातले की ते धरून ठेवायला काहीतरी लागते. मग कुणी मैदा, कुणी पावाचा चुरा, कुणी दुधाची पूड घालतो. नगेट्सला तर वरून पावाचा चुराच असतो. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे गहू, दूध, सोया, अंडी, शेंगदाणे वगैरे असल्यास पाकिटावर वेगळे छापावे लागते. 'ग्लुटेन फ्री' लिहायचे तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. दूध मात्र पाकिटावर नावे बदलून येते: व्हे, केसीन, लॅक्टोज. गव्हा-जवाचेही तसेच: रवा, सेमोलिना, माल्ट. ही नावे इंग्रजी अक्षरांत थोरलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेली आहेत. सुट्या विकलेल्या सॉसेजवर कसलेच लेबल नसते, आणि सलामी कापायच्या यंत्रावर चीजही कापलेले असू शकते. तिकडे आम्ही वळतच नाही. तशीही अशी प्रक्रिया केलेली मांसे रोजची नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये त्यांना कर्करोग होण्यास कारणीभूत असलेल्या पदार्थांत टाकले आहे.

मग आम्ही घरीच करून पाहिले. दुकानातला खिमा घेत नाही, कारण त्याच यंत्रात कबाबासाठी पाव दळलेला असू शकतो. सबंध कोंबडी समोर कापून घ्यायची, मसाला लावून ठेवलेली नाही, कारण त्यात दही असते. घरी बोनलेस मांस कोयत्याने बारीक करायचे, आले-लसूण, मीठ, मिरी आणि दोन चमचे तांदळाचे पीठ घालून मळायचे. केळीच्या पानात लांबट गुंडाळून सुतळीने बांधायचे आणि मोदकपात्रात चांगली पंचवीस-तीस मिनिटे, आतपर्यंत शिजेतो, उकडायचे. निवल्यावर चकत्या कापल्या की झाले. सकाळी केलेले मधल्या सुट्टीत संपायला हवे, शिळे ठेवायचे नाही. पहिल्या वेळी ती चकती वर्गात चौघीजणींनी मागून खाल्ली, असे थोरलीने सांगितले. हिंग मात्र जपून. बाजारच्या डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. आमच्या मसाल्यात तो घालणेच आम्ही बंद केले.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा सुकी मासळी उपयोगी पडते. सोडे, जवळा, बोंबील उन्हातच वाळतात. त्यात पीठ घालण्याचे कुणाला कारण नाही. आणि थंडीत पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मीठ-मसाला लावलेली कोंबडी, मडके उपडे करून वरून जाळ. ना मैदा, ना दही, ना तेल. मुलांना दुसऱ्याच्या ताटातले विचारल्याशिवाय खाता येते असा आमच्या वर्षातला तो एकच मेळावा.

या किनाऱ्यावर मांसाबरोबर दूध न खाणारी माणसे पूर्वापार राहत आली आहेत, हे आम्हाला पुष्कळ उशिरा सुचले. बेने इस्राएल लोक, ज्यांना गावात शनवार तेली म्हणत, मांसाच्या कालवणात दूध-दही घालत नाहीत, नारळाचा रस घालतात. त्यांच्यातले बहुतेक 1948 नंतर इस्रायलला गेले, अलिबागला इस्राएल आळी आणि त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. त्यांच्या पद्धतीची कोंबडी आम्ही एका वृद्ध शेजारणीकडून शिकलो. त्यावरूनच बुद्ध पौर्णिमेच्या खिरीचे सुचले. विहारात सगळी मुले खीर घेत आणि आमची दोघे भिंतीशी उभी राहत, ते बघवत नसे. गेल्या दोन पौर्णिमांना तांदूळ, गूळ आणि नारळाच्या रसाची खीर आम्ही वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीने नेतो. गूळ टाकताना आच मंद ठेवावी, नाहीतर रस फुटतो.

थोरलीचे वजन वर्षात चार किलोंनी वाढले. आतडे भरून आले म्हणून डॉक्टरांनी तिला थोडे थोडे दूध पुन्हा देऊन पाहायला सांगितले आहे. धाकट्याचे मात्र बंदच आहे, म्हणून घरात चहा कोराच होतो. थोरली आपले दूध आत्याकडे जाऊन पिते.