पंच आणि सूत्रधार

खेळाच्या नियमांवरून होणारें भांडण पुष्कळदां खेळापेक्षां अधिक रंगतें, आणि त्यांत माणसांचे स्वभावहि अधिक स्पष्ट दिसतात. ज्या खेळावरील भांडणाविषयीं मी येथें लिहिणार आहें, तो आपल्याकडे अजून घरोघरीं पोंचलेला नाहीं. म्हणून आधीं त्याची थोडीशी ओळख करून देतों.

चारसहा माणसें एका टेबलाभोंवतीं बसतात. त्यांतील एकजण एका काल्पनिक प्रदेशाचें वर्णन करतो: डोंगर, पडका किल्ला, किल्ल्याखालचें तळघर, तळघरांतले राक्षस आणि त्यांनीं राखलेलें द्रव्य. बाकीचे एकेका वीराची, मांत्रिकाची किंवा चोराची भूमिका घेतात आणि ‘मी दार उघडतों’, ‘मी मशाल विझवतों’ असें सांगत त्या प्रदेशांत शिरतात. जेथें निकाल अनिश्चित असेल तेथें फांसे टाकावयाचे. शेवटीं कोण जिंकला हा प्रश्नच येथें निघत नाहीं. या जातीचा पहिला छापील खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं तो रचला, आणि १९७४ सालीं विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या लहानशा गांवांतून, तीन पातळ पुस्तिकांची एक पेटी अशा रूपानें, तो बाहेर पडला. पहिल्या छपाईच्या प्रती होत्या अवघ्या १,०००. पुढें त्याचा संसार जगभर वाढला, आणि संसार वाढल्यावर जें होतें तें झालें. घराण्यांत दोन तट पडले.

वर्णन करणाऱ्या त्या एका माणसाला काय म्हणावयाचें, यांतच सगळें भांडण सांठवलेलें आहे. त्या पहिल्या पुस्तिकांत त्याला ‘रेफरी’ म्हटलें आहे, म्हणजे पंच. आज पुष्कळ टेबलांवर तो कथा रचणारा आणि रंगवणारा असतो. आपल्या नाट्यपरंपरेंतील शब्द वापरावयाचा तर तो सूत्रधार असतो. पंचाला निकालाची आस्था नसावी, निवाड्याची असावी. सूत्रधाराला मात्र नाटक शेवटच्या अंकापर्यंत सुखरूप न्यावयाचें असतें. दोघेहि त्याच खुर्चींत बसतात, तेच फांसे हातांत घेतात. पण त्यांचीं निष्ठास्थानें निराळीं आहेत.

जुन्या पद्धतीचा स्वभाव समजून घ्यावयाचा असेल, तर त्या पहिल्या पेटींतील सामानाची यादी पाहावी. तलवारी, मशाली, दोर यांच्या जोडीला तींत एक दहा फुटांची काठी आहे. ही काठी शस्त्र नव्हे. अंधाऱ्या वाटेंत पुढची फरशी ठोकून पाहण्यासाठीं ती आहे. फरशी पोकळ वाजली तर खालीं खड्डा असावयाचा. तो खड्डा शोधण्याचें कौशल्य वीराच्या कागदावर आंकड्यांत लिहिलेलें नसे; खेळणाऱ्यानेंच विचारावयाचें आणि पंचानें खरें तें सांगावयाचें. राक्षसाला मारण्यापेक्षां त्याचें द्रव्य बाहेर आणण्याचें श्रेय अधिक मिळे. म्हणून युक्ति, वाटाघाट आणि प्रसंगीं सरळ पळ काढणें हीं सर्व शहाणपणाचींच लक्षणें ठरत. आणि चुकलेल्याला क्षमा नसे. गायगॅक्सनें १९७५ सालच्या एका स्पर्धेसाठीं रचलेलें आणि १९७८ सालीं छापलेलें ‘टूम ऑफ हॉरर्स’ हें थडगें तर उतावीळ माणसाचा बळी घेण्यासाठींच बांधल्यासारखें आहे.

नवी पद्धत एका दिवसांत आली नाहीं. १९७५ सालच्या पुरवणीनें चोराची भूमिका आणली आणि सांपळे निकामी करण्याच्या त्याच्या कसबाला शेंकड्यांचे आंकडे दिले. ती एक लहानशी फट होती. १९८४ सालीं ‘ड्रॅगनलान्स’ची मालिका सुरू झाली. तींत मोठी कथा आधींच आंखलेली होती, आणि कथेला लागणारें पात्र मेलेंच तर त्याचें प्रेत सांपडूं देऊं नये, म्हणजे पुढें त्याला परत आणतां येईल, अशी सोय करून ठेविलेली होती. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत शोध घेणें, मन वळविणें, लपणें अशा बहुतेक सर्व कृत्यांना स्वतंत्र आंकडे मिळाले. २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’ या नांवानें कांहीं व्यावसायिक नटनटी हा खेळ प्रेक्षकांसमोर खेळूं लागलीं, तेव्हां सूत्रधाराला हवा असलेला प्रेक्षकहि लाभला. दुसऱ्या बाजूला, २००६ च्या सुमारास जुने नियम नव्यानें लिहून छापण्याची एक चळवळ उभी राहिली. तींतील मॅथ्यू फिंच या लेखकानें २००८ सालीं एक छोटी पुस्तिका लिहून, नियमांच्या ग्रंथापेक्षां पंचाचा तारतम्यानें दिलेला निर्णय श्रेष्ठ, असा पक्ष मांडला.

गंमत अशी कीं हें भांडण या खेळाहून पुष्कळ जुनें आहे. १८२४ सालीं राइसविट्झ नांवाच्या प्रशियन अधिकाऱ्यानें सैन्यांतील अंमलदारांच्या शिक्षणासाठीं नकाशावरचा युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यांत पंच होता, फांसे होते आणि कोष्टकेंहि होतीं. कोष्टकें वाढत गेलीं, खेळ मंदावत गेला. तेव्हां १८७६ सालीं व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनानीनें असें सुचविलें कीं कोष्टकें बाजूला ठेवावीं आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावर विसंबावें. म्हणजे प्रश्न जुन्यानव्याचा नव्हेच. विश्वास कोणावर ठेवावयाचा, लिहिलेल्या नियमावर कीं समोरच्या माणसावर, असा तो आहे. आणि तो खेळापुरता मर्यादित नाहीं.

माझा ओढा जुन्या पद्धतीकडे आहे. तरी नव्या पद्धतीच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा माझ्याच पुण्यांतील घरीं, रविवारच्या टेबलावर बसतो. तो एक विद्यार्थी आहे. बुद्धीनें तल्लख, पण बोलतांना अडखळतो. त्यानें भूमिका घेतली ती राजदूताची. जुन्या पद्धतीचा कट्टर पंच त्याला म्हणेल, ‘दरबारांत तूं काय बोलतोस तें बोलून दाखव.’ असें म्हणणें म्हणजे ज्या दारापाशीं तो जन्मभर अडला आहे तेथेंच त्याला पुन्हां उभें करणें होय. नवी पद्धत त्याच्या कागदावर वक्तृत्वाचा आंकडा लिहून देते आणि पंचाच्या लहरीपासून त्याचें रक्षण करते. हें लहान काम नव्हे. मी त्याला वक्तृत्व विचारीत नाहीं आणि केवळ फांसाहि टाकावयास लावीत नाहीं. राजाला तूं काय देऊं करतोस आणि त्याला कशाची भीति वाटते असें तुला वाटतें, एवढेंच विचारतों. त्याचीं उत्तरें इतकीं मार्मिक असतात कीं दरबार बहुधा त्याच्या बाजूनें झुकतो. परीक्षा खेळणाऱ्याचीच होते; पण त्याच्या जिभेची नव्हे, विचाराची.

सूत्रधाराच्या टेबलावरहि मी खेळलों आहें. माझा एक स्नेही पुठ्ठ्याच्या आडोशामागें फांसे टाकीत असे, आणि कथा अशी सांगे कीं तिच्यांतील कांहीं प्रसंग आजहि माझ्या डोळ्यांपुढें उभे राहतात. एकदां एका पुलावर माझा वीर एकटा एका दैत्यासमोर उभा राहिला. अंगांत त्राण उरलें नव्हतें. एक घाव पुरे होता. दैत्याची गदा तीनदां उगारली गेली आणि तीनदां चुकली. आडोशामागें काय झालें हें सांगावयास कोणी नको होतें. स्नेह्यानें तें प्रेमानें केलें होतें, यांत शंका नाहीं. पण त्या दिवसापासून त्या जगांत मला भीति वाटेनाशी झाली; आणि ज्याला भीति नाहीं त्याच्या शौर्याला किंमत ती काय?

म्हणून माझ्या टेबलावर फांसे उघड पडतात. माझ्या भाचीनें आठ महिने एक चोर खेळविला होता. एका रविवारीं राक्षस पाठीशीं लागला असतां बरोबरचे सर्व ओरडले, ‘थैली टाक आणि पळ!’ सोन्यानें भरलेली थैली घेऊन धांवणारा मागें पडणारच. नियमच तसा आहे. तिनें थैली टाकली नाहीं. राक्षसानें गांठलें, मीं सर्वांदेखत फांसा टाकला, आणि आठ महिन्यांचा चोर त्या तळघरांत संपला. कोणी कांहीं बोलेना. मग तिनें विचारलें, ‘मामा, फांसा खरंच तसा पडला ना? तूं नाहीं ना ठरवलंस?’ मीं तो फांसा तसाच तिच्याकडे सरकविला. तिनें तो क्षणभर न्याहाळला आणि म्हणाली, ‘मग थैली मीच टाकायला हवी होती.’ आणि नवा कोरा कागद मागून घेतला.

तिला दुःख झालें होतें. पण तें तिच्या मालकीचें होतें. मीं गुपचूप फांसा फिरवून तो चोर वांचविला असता, तर तिचें दुःख वांचलें असतें आणि तिचा निर्णयहि माझ्या खिशांत गेला असता. मग पुढच्या वेळीं तिनें थैली टाकली काय आणि न टाकली काय, दोन्ही सारखेंच.

नव्यांनीं जुन्यांना शिकविलेली एक गोष्ट मात्र मी मनापासून पाळतों. खेळास आरंभ करण्यापूर्वीं सर्वांनीं एकदां बसून, येथें मरण स्वस्त आहे, हें चालेल ना, कोणते विषय कोणाला सोसणार नाहींत, असें मोकळेपणीं बोलून घेणें. पंचाची कठोरता ही ज्यांनीं ती पत्करली त्यांच्यावरच शोभते. दिवसभर कचेरींत पराभव सोसून आलेल्या माणसाला रात्रीं दोन तास न हरणारा वीर व्हावेंसें वाटलें, तर त्याला सूत्रधार मिळावा. त्यांत कमीपणा नाहीं. आणि नवें तें सर्व सूत्रधाराचेंच असतें असेंहि नाहीं. २०१० सालचा ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ हा व्हिन्सेंट बेकरचा खेळ रचनेनें अगदीं आधुनिक आहे. पण कथा आधीं ठरवूं नका, काय घडतें तें खेळूनच पाहा, अशीच त्याची शिकवण आहे.

तेव्हां कोणी मला बोलावून विचारलें, तुमच्याकडे जुनी पद्धत कीं नवी, तर मी पुस्तकाचें सालच सांगत नाहीं. आमच्याकडे काय होणार हें मलाहि ठाऊक नसतें, एवढें सांगतों. आणि ज्यांना तें चालतें, ते पुढच्या रविवारीं येतात.