तेलीबांध्याच्या काठावर : जावे की राहावे?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी रायपूर पाहिलेल्या माणसाला आजचा तेलीबांधा ओळखूच येणार नाही. शहराच्या पूर्वेला, जुन्या ग्रेट ईस्टर्न रोडला लागून हा तलाव आहे. रायपूरकर या रस्त्याला नुसते ‘जी. ई. रोड’ म्हणतात. तलावाच्या नावात तेलीही आहे आणि बांधही आहे. छत्तीसगडात तलाव खोदणे हे पुण्याचे काम मानले जाई, त्यामुळे वस्तीगणिक तलाव असत. त्यांतले कित्येक बुजले. तेलीबांधा मात्र टिकला आणि त्याचे रूपच पालटले. काठावरची झोपडपट्टी हलवली गेली, फरसबंदी झाली, दिवे लागले. 2016 साली तर येथे तब्बल 82 मीटर उंचीच्या खांबावर राष्ट्रध्वज फडकला. लोक आता या काठाला ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. मुंबईकराला हसू येईल, पण संध्याकाळी येथे फिरायला आलेली कुटुंबे पाहिली की ते हसू ओसरते. हातात ‘गुपचुप’चा द्रोण, म्हणजे आपली पाणीपुरी, पुढे पळणारी पोरे आणि मागे सावकाश चालणारे आजी-आजोबा.

या काठावर बसून घरोघरचे प्रश्न बोलले जातात. माझ्या मावसबहिणीच्या घरचा प्रश्न मीही तेथेच ऐकला. ताई शाळेत शिक्षिका आहे, भाऊजी संगणकाच्या क्षेत्रात. वय बेचाळीस. मुलगी नववीत, मुलगा तिसरीत आणि घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. भाऊजींच्या मनात कॅनडाने घर केले आहे. प्रश्न एवढाच की, या वयात सगळा संसार उचलून न्यायचा का?

आलेल्यांचे गाव

हा प्रश्न रायपूरसारख्या गावात ऐकताना गंमत वाटते, कारण हे गावच बाहेरून आलेल्यांनी भरले आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे सैन्य छत्तीसगडात उतरले. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. त्यांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, वैद्य अशी मराठी घरे इकडे आली. पुढे 1818 नंतर इंग्रज अधिकाऱ्याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले आणि ही मंडळीही रायपुरात रुजली. येथल्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना 1935 सालची. हिंदी पत्रकारितेत मानाने घेतले जाणारे माधवराव सप्रे याच मातीतले. 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे हे मराठी गृहस्थ 1926 साली रायपुरातच वारले.

फाळणीनंतर पंजाबी आणि सिंधी निर्वासित आले. तेलीबांध्याचा गुरुद्वारा आणि भोवतालच्या दुकानांवरच्या पाट्या पाहिल्या की त्यांनी येथे कसा जम बसवला ते कळते. तेलीबांध्यापासून पुढे विमानतळाकडे जाणारा रस्ता लागतो. हा विमानतळ माना येथे आहे. त्याच मान्यात 1964 पासून पूर्व पाकिस्तानातून आलेल्या हजारो बंगाली कुटुंबांची छावणी होती. ज्या मान्यात माणसे सर्वस्व गमावून उतरली, तेथूनच आज रायपूरची मुले बॅगा भरून परदेशी निघतात.

आणि कष्टकऱ्यांचे स्थलांतर तर वेगळेच. दुष्काळात छत्तीसगडी माणसे आसामच्या चहामळ्यांत गेली. आजही भाताची कापणी आटोपली की कितीतरी कुटुंबे परराज्यांतल्या वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्यापुढे ‘जावे की राहावे’ असा प्रश्न नसतोच. ज्याला तो पडतो, त्याने आधी आपले भाग्य मानावे.

चाळिशीतला एक संसार

चाळिशीत संसार हलवण्याचा विचार करणाऱ्याने रायपूरहून सत्तरेक किलोमीटरवरच्या राजनांदगावला एकदा जाऊन यावे. गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदीतले थोर कवी मराठी घरातले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत, हे हिंदीत. नागपुरात त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली, साप्ताहिकात काम केले, पण ओढाताण संपेना. 1958 साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, बायकामुलांना घेऊन ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर. पण मित्र, संपादक, वर्तमानपत्रे असलेले शहर सोडून एका लहान गावात येणे हे त्यांच्यासाठी देशांतरच होते.

त्यांना काय मिळाले? महिन्याच्या महिन्याला पगार, तलावाकाठच्या जुन्या राजवाड्यात राहायला जागा आणि लिहायला निवांतपणा. त्यांचे उत्तम लेखन याच वर्षांतले. पण सुखाची वर्षे मोजकीच निघाली. 1964 च्या सप्टेंबरात दिल्लीत त्यांचे निधन झाले. पहिला कवितासंग्रह छापून आला तो त्यानंतर. आज त्या जागी त्यांचे स्मारक आहे. तेथे उभे राहिले की एक गोष्ट मनात ठसते. चाळिशीनंतर जागा बदलणाऱ्याच्या हाती वर्षे थोडी असतात, म्हणून कशासाठी जायचे हे त्याला नेमके ठाऊक हवे. मुक्तिबोधांना ते ठाऊक असावे. त्यांना श्रीमंत व्हायचे नव्हते, लिहायचे होते.

एका घरातून पाच प्रवास

भाऊजींचा हिशेब पगाराचा आणि गुणांचा होता. कॅनडाच्या गुणपद्धतीत पती-पत्नीने मिळून अर्ज केला तर मुख्य अर्जदाराला वयासाठी 29 व्या वर्षापर्यंत 100 गुण मिळतात, चाळिसाव्या वर्षी 45, बेचाळिसाव्या वर्षी 25 आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगारांसाठीच्या मुख्य व्हिसाला तर पंचेचाळिशीच्या आतच बोलावणे यावे लागते. म्हणून चाळिशी उलटली की माणूस घायकुतीला येतो. “आता नाही तर कधीच नाही,” असे भाऊजी दोनदा म्हणाले.

पण गुण मोजताना एकाच माणसाचे वय मोजले जाते. जायचे असते अख्ख्या घराला, आणि प्रत्येकाचा प्रवास निराळा असतो. तिसरीतला मुलगा सहा महिन्यांत तिकडच्या पोरांसारखा बोलू लागेल. प्रश्न त्याच्या मराठीचा. नववीतल्या मुलीच्या मैत्रिणी, विषय, स्वप्ने सगळे येथे आकाराला आलेले. तिला ऐन मोक्याच्या वर्षी नव्या अभ्यासक्रमात बसायचे. बावीस वर्षांखालचे अविवाहित मूल आईबापांबरोबर जाऊ शकते, म्हणजे तिच्यापाशी कायद्याने वेळ आहे. पण मनाचे वेळापत्रक कायद्याप्रमाणे चालत नाही.

ताईची गोष्ट तिसरी. नवऱ्याचे काम कोठेही चालते, शिक्षिकेचे नाही. तेथे सरकारी शाळेत शिकवायला त्या त्या प्रांताची परवानगी लागते, पदव्या तपासून घ्याव्या लागतात, कधी पुन्हा शिकावे लागते. अठरा वर्षे वर्गावर उभी राहिलेली बाई काही काळ दुकानात पैसे मोजत उभी राहील. अशा घरांत बहुधा बाईचेच काम मागे पडते, आणि हिशेबाच्या वहीत त्याला रकाना नसतो.

सासूबाईंचे काय? आईवडिलांना ‘सुपर व्हिसा’वर एका वेळी 5 वर्षांपर्यंत राहता येते, पण आरोग्यविमा पदरच्या पैशाने घ्यावा लागतो आणि त्या वयात तो स्वस्त नसतो. शिवाय बर्फाच्या देशात चार भिंतींत दिवस काढणे आले. येथे त्यांना तलावावर चार ओळखीची माणसे भेटतात.

मी आजींनाच विचारले. त्या लग्न होऊन वर्ध्याहून भिलाईला आल्या, तेव्हा पोलादाच्या कारखान्याने माणसे कोठून कोठून गोळा केली होती. त्या म्हणाल्या, “आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं. ‘चला’ म्हटलं, निघालो. पहिली दोन वर्षं रडले. मग तेच गाव माझं झालं. पण पोरांनो, मला विचारून मग मला वाटेल ते करू नका. मला खरं काय ते सांगा. मी कोणाकडे राहायचं, दुखलंखुपलं तर कोण येणार, तेवढं ठरवा आणि मग खुशाल जा.”

घरात एवढे स्पष्ट बोलणारे माणूस असेल तर अर्धे काम झाले. अनेक घरांत म्हातारी माणसे ‘आमचं काय, तुमचं भलं होऊ दे’ म्हणतात आणि मुले ते शब्दशः खरे मानतात.

दार दोन्हीकडे उघडते

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कायम रहिवासी होणे म्हणजे नागरिकत्व सोडणे नव्हे. भारतीय पारपत्र कायम राहते. कॅनडाचा हा दर्जा टिकवायला दर 5 वर्षांत किमान 730 दिवस तेथे काढावे लागतात. नागरिकत्व घेतले तर मात्र भारताचे सुटते, कारण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. मग ‘ओसीआय’ कार्ड घेता येते, पण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे वाडवडिलांचे वावर असलेल्यांनी हे आधीच नीट समजून घ्यावे.

पैशाचीही तयारी लागते. तेथली नोकरी हातात नसताना निघणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला 2025 साली 28 हजारांहून अधिक कॅनेडियन डॉलर गाठीशी असल्याचे दाखवावे लागत होते. ही रक्कम दरवर्षी बदलते. घर विकून ती उभी करणार असाल तर परतीचे दारही विकले जाते, हे विसरू नये.

म्हणून ज्यांच्या घरी हा विषय निघाला असेल त्यांनी एका संध्याकाळी बसून घरातल्या प्रत्येकाच्या नावाने वेगळा कागद करावा. जाऊन त्याला काय मिळेल, काय सुटेल, आणि तीन वर्षांनी पटले नाही तर त्याचे काय होईल. मुलांचा कागद मुलांनाच लिहू द्यावा. जो कागद भरताना सगळे गप्प होतील, त्यावर पुन्हा बोलावे.

ताईच्या घरी हे कागद झाले. मुलीने लिहिले होते, ‘दहावी येथे होऊ द्या, मग मी तयार आहे.’ तूर्त ठरले ते असे : पदव्यांचे मूल्यांकन करून घ्यायचे, ते 5 वर्षे चालते. दरम्यान ताईने तिकडच्या शिक्षक-परवान्याची चौकशी करायची. आजींसाठी नागपूरच्या लेकीशी मोकळेपणाने बोलायचे. आणि अर्ज करायचा तो दहावीच्या निकालानंतरच. तोवर भाऊजींना त्रेचाळिसावे लागलेले असेल आणि वयाचे 25 गुण 15 वर आलेले असतील. कदाचित तेवढ्यानेच संधी हुकेलही. भाऊजींनी तो आकडा कागदावर लिहिला, थोडा वेळ पाहिला आणि मुलीला म्हणाले, “दहा गुण तुझ्या दहावीचे.”