घासाघीस कुठवर?

रायपूरच्या गोलबाजारात घासाघीस केल्याशिवाय खरेदी झाल्यासारखे वाटत नाही. चार पैसे वाचवणारी गृहिणीच हुशार ठरते. पण मुलीसाठी तानपुरा घेताना हीच हुशारी अंगाशी येते.

कारखान्यात बनलेल्या कीबोर्डवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. तिथे सूट जरूर मागावी. ती दुकानदाराच्या नफ्यातून जाते. मिरजेच्या तानपुऱ्याचे तसे नाही. भोपळा वाळवण्यापासून जवारीपर्यंत सारे काम हाताचे. २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. भाव फार ताणला तर दुकानदार 'नाही' म्हणत नाही, हलका माल पुढे करतो. मग मुलीचा कान त्याच कच्च्या सुरावर तयार होतो.

म्हणून सवलत एकदाच, मोकळेपणाने विचारावी. पैसे कमी होत नसतील तर गवसणी, तारांचा जादा संच आणि पुढे एकदा जवारी काढून देण्याचे कबूल करून घ्यावे. पावती मात्र सोडू नये. तासभर वाद्ये छेडून "नागपूरला स्वस्त मिळतो" म्हणत उठणे तर मुळीच शोभत नाही. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी तार तुटली, तर धाव गावातल्याच दुकानात घ्यावी लागते!